करंगळीपुरत्या शिव्या

आमच्या घरात न रडणारी बाई मी एकटीच, म्हणून ते काम माझ्या वाट्याला आलं. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. काही माणसांना घाम कमी येतो, तसं मला रडू कमी यायचं. कुंकू पुसलं गेलं तेव्हाही ही बाई रडली नाही, असं सासरच्यांनी गावभर सांगितलं होतं. सांगू दे म्हटलं, कोण त्यांच्या तोंडी लागतं! मी गाठोडं उचललं आणि धाकट्या भावाकडे वडनेरला राहायला आले. भाऊ तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होता. आमचा सगळा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात मोडायचा.

भावजय जीवाला जीव देणारी होती, पण डोळ्याला सदा पाणी. कांदा चिरायच्या आधीच हिचं सुरू होतं, असं मी चिडवायचे, आणि ती त्यावरही रडायची. त्या दोघांची एकच मुलगी. पाच वर्षांची, काळीसावळी, हट्टी, जिभेला हाड नसलेली. सगळे म्हणायचे, आत्यावर गेली.

वैशाखातली गोष्ट. पन्ह्यासाठी चुलीतल्या राखेत कैऱ्या भाजायला टाकल्या होत्या. भावजय विहिरीवर गेली होती, मी अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होते. पोरीनं राखेत हात घालून कैरी ओढली, तर कैरीसोबत इंगळही मुठीत आला. लहान मूल घाबरलं की हातातलं सोडत नाही, उलट घट्ट धरतं. तिनं तेच केलं. मी धावत जाऊन मूठ उघडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजवा हात.

मग सगळं गाव वैद्य झालं. शेजारच्या म्हातारीनं चुन्याची निवळी आणि तेल घोटून आणलं. कुणी बटाटा किसून आणला. आणि आमच्या भावानं, एवढा शिकलासवरलेला मास्तर, शाळेतली निळी शाई आणून तळहातावर ओतली! दुसऱ्या दिवशी मोटारीनं हिंगणघाटला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी तो निळा-पांढरा चिखल धुतला, आणि धुताना आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. त्यांनी बोलून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

जखम भरायला आखाड उजाडला. आम्ही म्हटलं, सुटलो बापा. पण डॉक्टर सुटू देईनात. त्यांनी आपला हात टेबलावर उताणा ठेवून दाखवला. पाचही बोटं लाकडाला टेकलेली.

"हा असा टेकला पाहिजे. करंगळीसकट," ते म्हणाले. "भाजलेलं कातडं भरून येताना आकसतं. आत्ताच पाहा, बोटं आत वळायला लागली. रोज कोमट पाण्यात हात बुडवा, तेल लावा, एकेक बोट धरून मागे न्या, आणि मग फळीवर सपाट बांधून ठेवा. दुखेल. मूल रडेल. रडू द्या. कातडं एकदा निबर झालं की ही मूठ जन्मभर अशीच राहील. मग ना लेखणी धरता येईल, ना पोळी लाटता येईल."

"कोण करणार हे?" त्यांनी विचारलं.

भावजयीनं पदर डोळ्याला लावला. भाऊ खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मी करीन."

सुतारानं फळी रंधून दिली, काटा नाही, कुसळ नाही. पोरीला ती पहिल्या दिवशी आवडली. दुसऱ्या दिवसापासून ती फळी हरवायला लागली. कधी गव्हाणीत कडब्याखाली सापडायची, कधी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात. एकदा तर तिनं ती चुलीतच घातली होती. एक कोपरा जळाला तेवढ्यात मी ओढून काढली. फळी हरवली नाही तर पोर हरवायची. पऱ्हाट्यांच्या मागे लपायची आणि मी हाक मारली की आतून ओरडून सांगायची, "मी इथं नाई!"

धरून आणली की मूठ घट्ट. हाताला हात लावायच्या आधीच किंकाळी. एकदा माझ्या मनगटाला अशी चावली की दातांचा ठसा उमटला. भावजय स्वयंपाकघरात रडायची, भाऊ छत्री घेऊन उन्हापावसाचं काही नसताना बाहेर पडायचा. आजूबाजूच्या बायका कुंपणावरून डोकवायच्या. "कशी कसाई हाय पाय," असं कुणीतरी म्हटलेलंही मी ऐकलं. म्हणेनात का. मूठ मिटली असती तर त्यांच्या घरी थोडीच जाणार होती?

घरातल्यांनी आपापल्या परीनं उपाय केले. भाऊ तिला गोष्ट सांगायचा, पण ऐन ओढायच्या वेळी तोच डोळे मिटून घ्यायचा आणि राजा अर्ध्या रानात उभा राहायचा. भावजय गूळ द्यायची. पोर गूळ खायची आणि मूठ मिटायची. मग भावजयीनं सांगायला सुरुवात केली, "आज शेवटचंच वो माय, उद्यापासून नाई." हे मला मुळीच पसंत नव्हतं. उद्या उजाडायचा, मी कोमट पाणी घेऊन यायचे, आणि पोर आईकडे अशी बघायची की मला त्या पोरीपेक्षा तिच्या आईचीच कीव यायची. चार-पाचदा फसल्यावर पोर आईवर विश्वास ठेवीना. गोड बोललं की ती आणखी घट्ट व्हायची. मी तिला सरळ सांगितलं, "हे पाय, दुखन. रोज दुखन. दसऱ्यापर्यंत तरी दुखन. मी खोटं नाई सांगत." तिनं मान डोलावली. म्हटलं चला, निदान हिला तरी आपलं म्हणणं पटलं. आणि लगेच हात पाठीमागे लपवला!

मग एक दिवस आपोआप रस्ता सापडला. मी मधलं बोट मागे नेत होते, पोर तडफडत होती, आणि एकदम तिच्या तोंडून निघालं, "मुडदा बसो तुया!"

मास्तरांचं घर ते. तिथे 'मेल्या'सुद्धा कुणी म्हणत नसे. ही देणगी शेजारच्या म्हातारीची. म्हातारी दिवसभर आपल्या शेळ्यांना, कोंबड्यांना आणि सुनेला एकाच पट्टीत शिव्या द्यायची आणि पोर तिच्याच ओट्यावर वाढलेली. भावजय चमचा घेऊन धावत आली पोरीच्या तोंडात मारायला. मी तिला हातानं थांबवलं. कारण मला एक गोष्ट कळली होती. शिवी देताना पोरीचं सगळं लक्ष तोंडाकडे गेलं होतं आणि मूठ सैल पडली होती. बोट रोजच्यापेक्षा चांगलं मागे आलं होतं.

"दे," मी म्हटलं. "आणखी दे."

"तुये डोये फुटो," ती जरा भीत भीत म्हणाली. मी तर्जनी मागे नेली.

"पटकी येवो तुले!" अंगठा.

"आक्का, काय हे!" भाऊ दारातून म्हणाला. रागावला की तो पुस्तकातलं बोलायचा. "बालमनावर याचे काय परिणाम होतील?"

"बालमनाचं तू पाय," मी म्हटलं, "बालहाताचं मी पाहतो."

तेव्हापासून आमचा करार झाला. फळी घेऊन बसलं की तिनं मला वाटेल ते बोलायचं, जितका वेळ मी बोट धरून आहे तितका वेळ. बोट सोडलं की तोंड बंद. आणि हे फक्त मला. आईबापाला नाही, म्हातारीला नाही, शेळीलासुद्धा नाही. पोरीनं हा करार असा पाळला की मोठ्या माणसांना लाज वाटावी. दिवसभर तोंडातून एक वाकडा शब्द नाही. एकदा शेजारच्या पोरानं तिला ढकललं तर ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "थांब, आता नाई बोलत, मंग आत्याले म्हनतो." आणि संध्याकाळी त्याच्या वाट्याच्या सगळ्या शिव्या मला बसल्या.

म्हातारीचा साठा काही दिवसांत संपला. तोच तोच माल पोरीला पुरेना. ती विहिरीवर जाऊन बायकांची भांडणं ऐकत बसायला लागली. बाजाराच्या दिवशी बैलबंडीवाल्यांच्या मागे मागे फिरायची. नवीन काही मिळालं की पळत घरी यायची, स्वतः फळी काढायची आणि म्हणायची, "आत्या, चाल लवकर, नाईतं मी भुलून जाईन!" मी तेल गरम करीपर्यंत तिला दम नसायचा. काही काही ती स्वतः बनवायची. "तुया चष्मा विहिरीत पडो." "तुया भाकरीले वाळवी लागो." एकदा म्हणाली, "तुयाच हातावर इंगळ पडो." तिनं इंगळ उचलला तेव्हा घरी मोठं माणूस मीच होते. ते शिवीपेक्षा खरं होतं.

मी हे का चालवून घेतलं, असं आता कुणी विचारतं. त्यात विचार काय करायचा? एकेक बोट फळीला टेकत होतं. अंगठा टेकला, तर्जनी टेकली, मधलं टेकलं. श्रावण लागेपर्यंत अनामिकाही टेकली. राहिली करंगळी. ती तळहाताच्या कडेला अशी चिकटून बसली होती की जणू तिचं आणि बाकीच्यांचं भांडण झालं आहे.

डॉक्टरांनी हात बघितला. पहिल्यांदा माझ्याकडेही बघितलं. "चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण ही राहिली तर नडेल. कातडं आता निबर होत आलं आहे. एवढा महिनाभर हिला सोडू नका. एक दिवसही नाही." मी पोरीकडे बघून म्हटलं, "ऐकलं का? आता सगळ्या शिव्या हिच्यासाठी." तिनं मान डोलावली.

आणि पोळा आला.

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून ओरडत ओरडत गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात. नागपुरात मारबतीचे मोठाले पुतळे निघतात. आमच्या गावात पुतळा नव्हता, पळसाची फांदीच मारबत. गावातली पीडा ती आपल्यासोबत घेऊन जाते. म्हणून जो तो आपापली पीडा तिला सांगतो. "माश्या मुरकुटं घेऊन जाय गे मारबत!" "खाज खरूज घेऊन जाय गे मारबत!" आणि त्याच दिवशी दुपारी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा. लाकडी बैल सजवून पोरं देवळापुढे आणतात. आमच्या पोरीसाठी सुतारानं बैल केला होता, चाकांचा, शिंगांना हिरवा रंग दिलेला. डाव्या हातानं दोरी धरायची नाही, उजव्यानंच धरायची, असं तिनं आधीच ठरवलं होतं.

पहाटे मी तिच्यासोबत गेले, जरा मागून. फांदी तिनं दोन्ही हातांनी धरली होती, करंगळी तेवढी आत वळलेली. पुढे बायाबापड्या, पोरंटोरं, सगळे ओरडत होते. ढेकूण गेले, खोकला गेला, हिवताप गेला. मग एका टारगटानं हाक दिली, "पटवाऱ्याले घेऊन जाय गे मारबत!" आणि सगळा जमाव पोट धरून हसला. पोरीनं ते ऐकलं. तिचा चेहरा कसा उजळला ते मी पाहिलं. नवीन शिवी सापडली की तो असाच उजळायचा.

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "माया आत्याले घेऊन जाय गे मारबत!"

कुणी हसलं नाही. पटवाऱ्याची गोष्ट वेगळी, तो सारा वसूल करणारा परका माणूस. घरातल्या माणसाचं नाव मारबतीत कुणी घेत नाही. घेतलं तर ती नेते, अशी समजूत. सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. शेजारच्या म्हातारीनं पोरीचा दंड धरला. "काय बोलली वो हे पोरी! मारबत खरंच नेते ना मानसाले! मागं एकानं म्हनलं होतं, वरीस नाई निघालं." पोर आधी म्हातारीकडे, मग माझ्याकडे बघत राहिली. फांदी हातातून गळली. भावजयीनं तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि स्वतःच रडायला लागली.

मला लागलं. खोटं कशाला सांगू? इतक्या शिव्या खाल्ल्या, एकही आत गेली नव्हती, ही गेली. चार माणसांत, दवंडी पिटल्यासारखं ओरडून. आणि लोकांच्या डोळ्यांत दिसत होतं की नाहीतरी हिच्या मागे कोण आहे, न्यायची तर हिलाच न्यावी.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "आक्का, आजपासून हा प्रकार बंद. एका करंगळीसाठी पोरीच्या मनात इतका द्वेष भरायचा नाही."

"डॉक्टर म्हणाले एक दिवसही सोडू नका."

"डॉक्टरांना शिव्या बसत नाहीत. चार बोटं उघडली, पुष्कळ झालं. नशीब समज."

भावजयीनं फळी उचलून माळ्यावर टाकली. मी एरवी भावाला उलट बोलले असते. माझी जीभ काही लहान नव्हती. त्या दिवशी नाही बोलले. "बरं," एवढंच म्हटलं आणि मुगाच्या शेंगांचं टोपलं घेऊन परसात जाऊन बसले. मनात म्हटलं, तुमची पोर, तुमची करंगळी. मला काय त्याचं!

दुपारी देवळाकडून वाजंत्री ऐकू यायला लागली. पोरांचा गलका वाढला. आमच्या घरापुढून चाकं खडखडत गेली, एक, दोन, कितीतरी. मी शेंगा सोलत होते. तेवढ्यात मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

पोर होती. माळ्यावरून तिनं फळी पाडली होती. कशी, ते देवाला ठाऊक. ती काखेत, डाव्या हातात तेलाची वाटी, निम्मं तेल परकरावर सांडलेलं. बैल कुठे दिसला नाही.

"काऊन वो, तान्ह्या पोळ्याले नाई गेली?"

ती समोर येऊन उभी राहिली आणि मला नीट निरखलं. माझे पाय बघितले, हात बघितले.

"मारबत येऊन गेली का?" तिनं हळूच विचारलं.

"गेली ना, सकाळीच."

"तुले नाई नेलं?"

"नाई नेलं."

"विसरली अशीन," ती म्हणाली. मग फळी माझ्या पुढ्यात ठेवली, खाली बसली आणि हात पुढे केला. आतापर्यंत तिनं शिव्या द्यायला हात पुढे केला होता. नुसता हात पहिल्यांदाच.

मी हात पुसले, तेल घेतलं, करंगळी धरली. कातडं खरंच निबर झालं होतं. सकाळचं राहून गेलं होतं म्हणून की काय, ती जास्तच ताठ वाटली. मी मागे न्यायला लागले. पोरीनं ओठ दाताखाली धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी खाली यायला लागलं, हनुवटीवरून गळ्यात, पण तोंडातून आवाज नाही.

"बोल ना वो," मी म्हटलं. "शिवी दे."

तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"अवो, करार आहे आपला. मी रागावत नाई. दे एखादी."

"नाई देत," ती म्हणाली. "तू मेली तं माया हात कोन ओढन?"

इतके दिवस मी ती बोटं ओढत होते. किंकाळ्यांनी माझं काही अडलं नाही, चावण्यानं अडलं नाही, शिव्यांनी तर उलट सोपंच झालं. त्या वेळी मात्र माझी बोटं आपोआप सैल पडली. मी करंगळी सोडून दिली. "राहू दे आज," म्हटलं. "सणाचा दिवस आहे. जाय, बैल घेऊन जाय."

माझे दोन्ही हात तेलानं भरलेले होते, म्हणून मला तोंड पुसता आलं नाही. तिनं ते बघितलं. आत्या रडते हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग डाव्या हातानं तिनं माझा हात ओढला, त्यात आपली करंगळी ठेवली आणि माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटली.

"सोडू नको, आत्या," ती म्हणाली. "आजून टेकली नाई."